उजव्या पंखाचा हिरवा

रुपराव बोंदऱ्यांच्या तोंडात चार दात उरले होते, आणि त्या चौघांचंही आपसात पटत नव्हतं. भाकर चहात बुडवून खायची पाळी आली तरी गडी दाताच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. पंधरा वर्षं वायुसेनेत विमानं रंगवलेली, नंतर वीस वर्षं बुटीबोरीच्या कारखान्यात मशिनी रंगवलेल्या, शिडीवरून दोनदा पडलेला. पण सुईचं नाव काढलं की त्याला गावाकडची कामं आठवायची. शेवटी गोपिकाबाईंनी एका सोमवारी त्यांना ऑटोत घातलं आणि सीताबर्डीला आणून डॉ. मिनल घाटोळेंच्या खुर्चीत बसवलं. "मी बाहेर बसून आहो," असं त्या म्हणाल्या, ते धीर द्यायला नव्हे, दार अडवायला.

दात कोरून पोट भरत नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. मिनलचं दहा वर्षं त्याच्यावरच भरत होतं, आणि उरलेल्या वेळात ती विमानं करत होती. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, घासून, रंगवून केलेली, खऱ्या विमानाच्या बहात्तर पटींनी लहान. दवाखान्याच्या काचेच्या कपाटात प्लॅस्टरचे जबडे मांडलेले होते आणि त्यांच्या वरच्या फळीवर सहा लढाऊ विमानं. पेशंटांना वाटायचं, डॉक्टरीणबाईंच्या मुलाची असतील. तिला मूलबाळ नव्हतं आणि तिनं कुणाचा गैरसमज दूर करण्याची तसदी घेतली नव्हती.

उरलेले चार दात काढून झाले, हिरड्या भरून आल्या, आणि महिन्याभरानं कवळीचं माप घ्यायचा दिवस आला. रुपरावांच्या तोंडात मसाल्यानं भरलेला साचा बसवून मिनल घड्याळाकडे बघत उभी राहिली, तेवढ्यात पेशंट कपाटाकडे बोट दाखवून "अँ! अँ!" करू लागला.

"नाकानं श्वास घ्या काका. दोनच मिनिटं."

रुपरावांनी नाकानं श्वास घेतला आणि बोट तसंच ठेवलं. साचा निघाला तेव्हा तोंड पुसायचीही वाट त्यांनी पाहिली नाही.

"मॅडम, तुमच्या त्या मिगचा हिरवा चुकला. निळा मारून राहिला तो."

मिनलला राग आला. दाताबद्दल कुणी बोललं असतं तर तिनं हसून घेतलं असतं. "काका, नंबर पाहून लावला आहे. बाटलीवर लिहिलेला असतो. परदेशातून मागवते मी."

"बाटलीवाल्यानं आमचं विमान पाहिलं होतं का?"

"आणि तुम्ही?"

"मीच लावला होता ना जी," रुपराव म्हणाले, आणि बिनदाताच्या तोंडानं असं काही हसले की मिनलचा राग जागच्या जागी बसला.

पुढच्या खेपेला दातांची छटा ठरवायची होती. मिनलनं त्यांना खिडकीपाशी नेलं, ट्यूबलाइट बंद केली आणि छटांची पट्टी त्यांच्या ओठापाशी धरली. पाच सेकंद बघायची, मग मान वळवून भिंतीवरच्या निळ्या टॉवेलकडे बघायची, मग परत पाच सेकंद. रुपराव हे सगळं बारकाईनं पाहत होते. फार वेळ एका रंगाकडे बघितलं की डोळा आळसावतो, समोर येईल त्याला हो म्हणतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रंगाच्या ड्रमावर वाकून वाकून समजलं होतं. त्यांना ही बाई आवडली. आणि ज्या माणसापुढे आपण दात काढून बसतो त्याच्यापुढे आणखी कसली लाज, असंही त्यांच्या मनात आलं असावं. कारण त्रेपन्न वर्षं जी गोष्ट त्यांनी कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितली नव्हती, ती त्या दिवशी मिनलला सांगून टाकली.

ती गोष्ट अशी. एकाहत्तर सालचा हिवाळा, पूर्वेकडचा एक तळ. विमानं तोवर नुसत्या धातूची, लख्ख चांदीसारखी. लढाई तोंडावर आली आणि हुकूम सुटला की सगळी विमानं दोन दिवसांत हिरवी-तपकिरी करा. फवारणी यंत्रं पुरेनात, तेव्हा हातात ब्रश घेऊन माणसं पंखांवर चढली. रुपराव एकवीस वर्षांचे, रंगाऱ्यांत सगळ्यांत लहान. शेवटच्या विमानाचा डावा पंख झाला आणि गडद हिरव्याचा ड्रम खडखडीत झाला. उजवा पंख कोरा. कॉर्पोरल म्हणाला, कुछ भी करके हरा बनाओ. तिथं गाड्यांवर पट्टे मारायचा पिवळा पडला होता आणि आकडे लिहायचा काळा. पिवळ्यात काळा घातला की हिरवा होतो हे रुपरावांना ठाऊक होतं. चार डबे पिवळा, एक डबा काळा, ड्रमाच्या बुडाशी खरवडून निघाला तेवढा जुना हिरवा. सूर्य बुडता बुडता पंख रंगवून झाला.

सकाळी उजेडात पाहिलं तर दोन पंख दोन गावचे. डावा गडद, उजवा पिवळसर.

"भंडारीसाहेब म्हणून होते. फ्लाइट लेफ्टनंट. त्याईचं विमान ते," रुपराव म्हणाले. "उडायच्या आधी विमानाभोवती फिरून पाहतात ना, तसे फिरले. पंखाले हात लावला तं रंग ओला. सारा पंजा हिरवा झाला. 'अरे, ये तो गीला है, किसने लगाया?' कॉर्पोरलनं माह्याकडं बोट दाखवलं. साहेबानं हसत हसत तो हात माह्या छातीले पुसला. बस."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी रंगाचा नवा ड्रम आला. तासाभराचं काम होतं, पंख पुन्हा रंगवाचं. पण सांगाचं कोणाले? सांगतलं की आधीचा चुकला हे कबूल करावं लागते. शिव्या पडल्या असत्या. मी चूप बसलो. तिसऱ्या दिवशी साहेब गेले ते आलेच नाही."

"काय झालं होतं त्यांना?"

"कोणाले माहीत. खालून तोफेनं मारलं म्हणे कोणी, वरून दुश्मनाच्या विमानानं पाहिलं म्हणे कोणी. आमच्यासारख्याले कोण सांगते? पण मले माहीत आहे ना मॅडम. त्या पंखानं दाखवलं असन त्याईले. वरून तो पंख दिसला असन."

मिनलनं छटांची पट्टी डब्यात ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली. रुपरावच पुढे म्हणाले, "तुम्ही तं विमानं करता. तसं एक करा. रंग मी मिसळून देतो. वरून दिसते की नाही, हे मले पाहाचं आहे एकदा."

आता यात शहाणपण किती आणि वेडेपणा किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. मिनलनं होकार दिला. तिला स्वतःलाही असं विमान कपाटात हवंच होतं, आणि या माणसाला नाही म्हणायची तिची छातीही झाली नाही.

रुपरावांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या तुकड्यावर रंग मिसळला. चारास एक, आणि थोडासा हिरवा. काळ्याचे शेवटचे थेंब त्यांनी काडीनं सोडले, डोळे बारीक केले, निळ्या टॉवेलकडे बघितलं, परत पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हाच." मिनलनं डबी बंद करून ठेवली. डाव्या पंखाचा गडद हिरवा मात्र तिनं बाटलीतलाच घेतला, चुकल्याचं ऐकून घेतल्यावर त्यात जरासा पिवळा टाकून.

आठ दिवसांनी, एका रविवारी सकाळी, मिनलच्या सोसायटीच्या हिरवळीवर ते विमान ठेवलं. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथून खाली तीस फूट. बहात्तरनं गुणलं तर दोन हजार फुटांवरून पाहिल्यासारखं. रुपराव गॅलरीत आले, कठडा धरून वाकले, आणि त्यांना शोधावंसुद्धा लागलं नाही. डावा पंख हिरवळीत मिसळून गेला होता. उजवा तेवढा उघडा पडला होता, गवतावर कुणी पिकलं पान टाकावं तसा.

"दिसते," ते म्हणाले.

"काका, थांबा, चहा टाकला आहे."

"दिसते ना वं बाई," असं म्हणून ते जिना उतरले. मॅडमवरून ते एकदम बाईवर आले होते, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यानंतर कवळी बसवायच्या दिवशी रुपराव आले नाहीत. फोन लावला तर उचलला नाही. घरी गोपिकाबाई वैतागल्या होत्या. माणूस दात नसताना जेवत होता त्याच्या निम्मंही आता जेवत नव्हता. वरणभात कालवून दिला की दोन घास खायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचा. त्यांना वाटलं, कवळीचीच भीती. "लहान पोरासारखं काहून करता जी?" म्हणून त्यांनी दोनदा रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

चौथ्या दिवशी दुपारी कवळीचा डबा घेऊन मिनल स्वतःच मानेवाड्याला त्यांच्या घरी आली. आणि बसता बसता बोलून गेली, "काका, त्या रंगात माझी चूक झाली. तुमच्या पंखामुळे भंडारीसाहेब दिसले, हे त्यावरून काही ठरत नाही."

गोपिकाबाई पाण्याचा गडू घेऊन दारात उभ्या होत्या. "कोण भंडारीसाहेब?"

मिनलनं जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. रुपराव खाली मान घालून बसले. मग सगळी गोष्ट पुन्हा सांगावी लागली, आणि या खेपेला ती त्यांना फार जड गेली. गोपिकाबाई दारातच उभ्या होत्या. गडू तसाच हातात. गोष्ट संपल्यावर त्यांनी तो टेबलावर आपटला.

"पन्नास वर्षं झाली लग्नाले. डिसेंबर लागला की तुमचं तोंड उतरते, थंडी सोसत नाही म्हणता. दरवर्षी मी तुमाले डिंकाचे लाडू करून खाऊ घालतो! एका शब्दानं सांगाचं नाही?"

"काय सांगाचं? मीच मारलं साहेबाले, असं?"

"हो! तसंच सांगाचं! मंग मी सांगतलं असतं ना काय खरं न् काय खोटं ते!"

त्या खरोखर दुखावल्या होत्या. लाडवांचा डिंक तळताना हात पोळून घेतलेल्या बाईला ते दुखणारच. पण त्या मिनलकडे वळल्या आणि व्यवहाराचं विचारलं, "काय चूक झाली म्हणता तुमची?"

चूक अशी होती, की तिच्या छंदाबाहेरच्या माणसाच्या हातून ती होऊच शकली नसती. मॉडेल करणारे लोक रंगात थोडा पांढरा घालतात. खरं विमान लांबून दिसतं, मधे हवा असते, त्यानं रंग फिका होतो. तोच रंग वीतभर वस्तूवर जसाच्या तसा लावला तर फार गडद दिसतो. बाटल्यांचे रंग करणारी कंपनी तेवढा पांढरा आधीच घालून देते, अशी मिनलची समजूत. म्हणून दोन्ही पंख बरोबरीत यावेत या भल्या हेतूनं तिनं रुपरावांच्या डबीत आठवा हिस्सा पांढरा मिसळला होता. रात्रंदिवस तो पंख डोळ्यांपुढे यायला लागल्यावर तिनं कंपनीला मेल केला, आणि उत्तर आलं की आम्ही असं काही घालत नाही. म्हणजे डावा पंख खरा आणि उजवा पांढऱ्यानं फिका केलेला.

"आणि दुसरं म्हणजे ती हिरवळ," मिनल म्हणाली. "माळी रोज पाणी देतो तिला. डिसेंबरात असं गवत कोणत्या शेतात असतं?"

रुपरावांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांना स्वतःचाच राग आला होता. "पांढरा घातलेला मले दिसाले पाहिजे होता. आठवा हिस्सा म्हणजे का थोडा होते? कारखान्यात चिमूटभर पडला तरी मी डबा परत पाठवत होतो. पण मी रंग पाहूनच नाही राहिलो होतो. दिसन, दिसन, अशी वाट पाहत होतो."

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. रुपरावांना ते भर सकाळी तिसऱ्या मजल्यावरून दिसलं होतं.

"आता पुन्हा करा," गोपिकाबाई म्हणाल्या. "आणि यावेळी पाहाचं मी. याईले काही पाहू देऊ नका. आणि कोणतं कोणतं आहे तेही मले सांगू नका."

एवढ्यावर त्यांनी नवऱ्याला कवळी घालायला लावली, आणि ती बसली की नाही हे पाहायला भाजलेला पापड पुढे केला.

यावेळी मिनलनं दोन विमानं केली. बाजारचा संच आणायला वेळ नव्हता, म्हणून कपाटातल्या मिगचं तिनं दाताच्या मसाल्यानं माप घेतलं आणि कवळ्या ज्यात ओततात त्या गुलाबी पदार्थात दोन नकला ओतल्या. दोन गुलाबी लढाऊ विमानं टेबलावर वाळत पडलेली पाहून तिची नर्स दिवसभर हसत होती. दोन्ही रंग यावेळी रुपरावांनीच मिसळले. ड्रमातला गडद हिरवा त्यांनी पंधरा वर्षं हातानं ढवळला होता. तो त्यांना झोपेतही जमला असता. एका विमानाच्या दोन्ही पंखांना तो. दुसऱ्याच्या दोन्ही पंखांना त्यांचा पिवळसर. तपकिरी पट्टे दोघांना सारखे. पांढऱ्याची बाटली गोपिकाबाईंनी आधीच आपल्या पिशवीत टाकून ठेवली होती.

शेताची अडचण नव्हती. रामटेकच्या अलीकडे रुपरावांच्या पुतण्याची, दुर्गेशची, धानाची शेती आहे. बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, लागूनच घर, घराला दुमजली स्लॅब. धान कापून तीन आठवडे झाले होते. बांधीत पिवळी धसकटं उभी होती आणि धान उभं असतानाच टाकलेल्या लाखोरीची, लाखेच्या डाळीची, कोवळी हिरवी रोपं त्यांच्यामधून वर आली होती.

मिनलनं आधीच बजावलं, "काका, हे काही शास्त्र नाही. धसकट काही बहात्तर पटींनी लहान झालं नाही, आणि हे विमान उडत नाहीये. रंगाचं काय ते फक्त कळेल."

"रंगाचंच पाहाचं आहे," रुपराव म्हणाले.

दुर्गेशला सांगितलं, दोन्ही विमानं कुठंही ठेव, लपवू नको, धसकटांवर उघडी ठेव. तो जाऊन येईपर्यंत बाकीचे आतल्या खोलीत चहा पीत बसले. मग गोपिकाबाई एकेका पायरीवर गुडघ्यांना नावं ठेवत स्लॅबवर चढल्या. मागून मिनल. रुपरावांना वर यायची बंदी होती, पण ते आलेच, आणि मागच्या टोकाला शेताकडे पाठ करून उभे राहिले.

सकाळचे साडेनऊ. ऊन चांगलं पडलेलं. गोपिकाबाईंनी चष्मा पदरानं पुसला आणि बांधीच्या एका टोकापासून बघायला सुरुवात केली, तांदूळ निवडावेत तशी.

"ते काय. बांधाच्या इकडं, पळसाच्या सरळ रेघेत. दिसलं."

मिनलनं पाहिलं. तिलाही दिसलं. "आणखी, काकू?"

"आणखी काय?"

"दुसरं."

गोपिकाबाईंनी पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली. शेजारची बांधीही पाहिली. मग त्या चिडल्या. "एकच तं आहे! त्या दुर्गेशले सांगतलं होतं ना दोन ठेव म्हणून?" आणि खाली वाकून ओरडल्या, "अरे दुर्गेश, दुसरं कुठं आहे गा?"

"दोन्ही ठेवले जी मोठी आई!" खालून आवाज आला. "समोरच तं आहे!"

आता रुपरावांना राहवेना. ते वळून कठड्यापाशी आले. बायकोनं बोट दाखवलं तिकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांना दिसलं ते गडद विमान होतं. ड्रमाचा रंग. पिवळ्या रानात दोन काळपट पंख. ते त्यांना गॅलरीतल्यासारखंच, न शोधता दिसलं. मग ते दुसरं शोधू लागले. डोळा त्यांचा अजून शाबूत होता, मोतीबिंदू नाही, काही नाही. स्वतः मिसळलेला रंग, स्वतः पाहून घेतलेला. पाच सेकंद बघितलं, मान वळवून आभाळाकडे बघितलं, परत बघितलं. धसकटं दिसत होती. लाखोरी दिसत होती. बगळा दिसत होता. विमान दिसत नव्हतं.



"उचल रे," शेवटी रुपराव म्हणाले. आवाज पोचला नाही, तेव्हा मिनलनं ओरडून सांगितलं.

दुर्गेश बांधीत शिरला, पहिल्या विमानापासून दहा-बारा पावलं इकडे आला, म्हणजे चक्क त्यांच्या समोर, आणि वाकला. हातात घेऊन त्यानं ते उलटं केलं तेव्हा कुठं त्याचं रंग न लावलेलं गुलाबी पोट वर चमकलं आणि तिघांनाही एकदम दिसलं.

मिनलनं दीर्घ श्वास सोडला. "गडद हिरवं या दिवसांत शेतात असतंच काय, काका? आंब्याचं झाड. तिकडे कसली शेती होती?"

"धानाची," रुपराव म्हणाले. "अशीच. कुंपणापाशी उभं राहिलं की दिसे. लाखोरीच होती, खेसारी म्हणत तिले."

"मग तुम्ही शेताचा रंग मिसळला होता."

"मी काही शेत पाहून नाही मिसळला. डबे होते तसा मिसळला." ते कठड्याला टेकून खाली बसले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. कुणीतरी छातीवरून गोणी उचलली असं त्यांना खरंच वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, ज्याची त्यांनी तयारी केली नव्हती.

गोपिकाबाई शेजारी बसल्या. "झालं ना आता? तुमच्या रंगानं नाही गेले ते."

"मंग कायनं गेले?"

"ते मले का माहीत? लढाई होती. कायनं जात नाही माणूस?"

"तसं नाही वं." त्यांच्या तोंडातली नवी कवळी सैल झाली होती, ती त्यांनी जिभेनं बसवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. "मीच मारलं, असं धरून बसलो होतो ना. त्याच्या घरचं मले काही माहीत नाही, गाव माहीत नाही. तो पंखच होता माह्यापाशी त्याचा. आता तोही नाही. आता त्याचं काहीच नाही माह्यापाशी."

मिनल जिन्याकडे वळली, तिला खाली जायचं होतं. पण पायरीवरच थांबली.

गोपिकाबाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "दिसाले कसे होते?"

"कोण?"

"भंडारीसाहेब. दरवर्षी लाडू केले मी त्याईच्यापायी. कोण होते हे तं समजू द्या."

रुपरावांनी तोंड उघडलं आणि त्यांना काही आठवेना. पंख आठवला, ब्रशाचे ओरखडे आठवले. त्रेपन्न वर्षं त्यांनी त्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं, पंखाकडे पाहिलं होतं. त्यांनी डोळे मिटले. खाली दुर्गेश दोन्ही विमानं हातात घेऊन कुणी काही सांगेल म्हणून उभा होता.

"उंच नव्हते," ते हळूहळू म्हणाले. "माह्याएवढेच. कानाची पाळी अशी लाल व्हाची थंडीनं. चालताना शीळ घालत, पण सुराचा पत्ता नसे." ते थांबले, आणि मग त्यांना हसू आलं. "चहा बशीत ओतून पीत होते, आमच्यात बसून. दुसरे ऑफिसर हसत त्याईले. मंग तेच म्हणत, 'गरम पिऊन जीभ जाळण्यापेक्षा लोकाईनं हसलेलं बरं.'"

"आणखी?" गोपिकाबाई म्हणाल्या, आणि गुडघे लांब करून नीट टेकून बसल्या.